नाथाशेठचा जोता

नाथाशेठ गिरणीत आले की मला चालू दळण थांबवावं लागायचं. दुसरा इलाजच नव्हता. साठीचा धिप्पाड माणूस, वर पांढरा शर्ट, खाली टॉवेल गुंडाळलेला, काखेत तांदळाचा डबा, आणि दारात असा उभा की बाहेरचा उजेडच बंद. घरात दोन मुलं, दोन सुना, कारखान्यात हाताखाली माणसं. पण भाकरीचा तांदूळ त्यांनी कधी कुणाच्या हाती पाठवला नाही.

"मंदा, आधी जातं साफ कर. मागच्या टायमाला भाकरीत गहू लागला मना."

"गव्हाने माणूस मरत नाही, शेठ."

"मरत न्हाय गो, पन भाकर फाटते."

मग मूठभर तांदूळ आधी फिरवून वाया घालवायचा, तो त्यांना दाखवायचा, त्यांनी चिमूट बोटांत चोळून बघायची, आणि मग त्यांचं दळण. तोवर रांगेतल्या बायका माझ्याकडे डोळे वटारून बघायच्या. त्यांच्यापुढे मात्र एकीच्याही तोंडून शब्द निघत नसे. निघाला असता तर नाथाशेठनी तिला तिच्या नवऱ्याची, दिराची, भावाची चौकशी करून करून गप्पच केली असती. माणूस बोलका. बायकोशी आगरी, कारागिरांशी हिंदी, आणि महापालिकेतला कुणी साहेब आला की असं पुस्तकी मराठी काढायचे की मी तोंडात पदर कोंबायचे. "आपण आसनस्थ व्हावे, चहा प्राशन करावा." साहेब बिचारा घाबरून अर्धा कप टाकून पळायचा.

आमची गल्ली कामतघरच्या खालच्या अंगाला, उताराची. वरच्या तोंडाशी माझी पिठाची गिरणी. तिच्या पलीकडे नाथाशेठचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना, मग ओळीने आणखी कारखाने, आणि उतार संपतो तिथे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग. खोल्यांचा मालक मुंबईला, महिन्याला भाड्यापुरता उगवायचा. राहणारे सगळे लूमवरचे कारागीर, यूपीकडचे, काही बायकापोरांसकट. गल्लीत दिवसभर लूमचा खडखडाट, त्यामुळे आम्ही सगळेच मोठ्याने बोलतो. बाहेरगावी गेले की नातेवाईक म्हणतात, भांडतेस कशाला?

माझी गिरणी आणि नाथाशेठचा कारखाना यांच्यामध्ये जमिनीची एक पट्टी मोकळी होती. मालकीची नाथाशेठचीच. रान माजलेलं, शेळ्या चरायच्या, पोरं नको ते करून ठेवायची. वरच्या रस्त्याचं पावसाचं पाणी गल्लीत शिरलं की या पट्टीवरून तिरकं होऊन मागच्या नाल्यात जायचं. ही गोष्ट कुणी मुद्दाम केलेली नव्हती आणि कुणाच्या लक्षातही नव्हती. उताराच्या खोल्यांपर्यंत पोचायचं ते फार तर घोट्याएवढं.

पावसाळ्यात नाथाशेठ छत्री घेऊन फिरायचे, पण मिटलेली. स्वतः चिंब. छत्रीचं टोक गटारांच्या तोंडात खुपसायचं, अडकलेली पिशवी, चिंध्यांचा बोळा, सुताचा गुंता उपसून काढायचा आणि पाणी गुळगुळ करत निघालं की लहान पोरासारखं बघत राहायचं. मी ओरडायचे, "शेठ, उघडा ती छत्री, न्यूमोनिया होईल!" त्यांना ऐकूच जायचं नाही. पाण्याचं वेड घराण्यातलंच. वडील खाडीकाठच्या गावात उघाडीवर होते. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातली लाकडी झडप. भरतीला ती मिटायची, म्हणजे खारं पाणी भातात शिरत नाही; ओहोटीला उघडायची, म्हणजे शेतात साठलेलं पावसाचं पाणी निघून जातं. झडप चुकली तर गावाचं पीक गेलं. बाप जेवताना ताटावरून उठायचा, असं ते अभिमानाने सांगायचे. पुढे बांधही गेला आणि शेतही. राहनाळच्या बाजूला गोडाऊनं झाली, जमिनीला भाव आला, भावाभावांनी विकून टाकली. नाथाशेठनी आपल्या वाट्याच्या पैशांतून लूम घेतले. "आमच्या भातात आता लोकांचे फ्रीज उभे हायेत," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

२००५च्या जुलैतला पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे, त्याचं मी नव्याने काय सांगू. एवढंच सांगते, त्या पाण्याने आमच्या गल्लीत कुणाला सोडलं नाही. नालाच उलटा फिरला. माझ्या गिरणीत पिठाची लापशी झाली, नाथाशेठच्या सगळ्या लूमच्या मोटारी बुडाल्या, खालच्या खोल्यांतली भांडी वर माझ्या दाराशी येऊन लागली. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे सारखेच चिखलात उभे होतो आणि त्यातल्या त्यात बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला.

मोटारी उन्हात मांडून नाथाशेठ खुर्ची टाकून राखण करत बसले होते. मला म्हणाले, "मंदा, पाऊस बदललाय गो. आमच्या लहानपनी चार महिने पुरवून पुरवून पडायचा. आता दिवसात उधळून मोकला होतो. ह्यो परत येनार. आपन बदललं पायजेल."

बोलले ते खरंच होतं. आणि हा माणूस नुसता बोलणारा नव्हे. उन्हाळा लागताच त्यांनी कारखाना बंद ठेवला, लूम खोलून बाजूला काढले, डबर आणि मुरूम टाकून सगळा जोता कमरेएवढा उचलला, वर सिमेंटचा कोबा केला आणि लूम पुन्हा बसवले. बायकोचे दागिने गेले त्यात. त्याच कामात मधली ती पट्टीही भरून घेतली. वर पत्रे चढवले आणि चार जादा लूम लावले. गल्ली खूश. घाण गेली, शेळ्या गेल्या, वास गेला. मी तर नारळ फोडायला गेले होते.

मग गल्लीला साथच लागली. नाथाशेठ दारोदार फिरून सांगायचे, "भरा, भरा, जोता उचला." मीही उचलला. एकेक करत सगळे कारखाने उचलले गेले. गल्ली मधोमध खाली आणि दोन्ही बाजूंना ओटे, अशी होऊन बसली. खोल्यांच्या मालकाला नाथाशेठनी चारदा फोन केला. "बघू," म्हणाला. त्याने कशाला बघायचंय!

ह्याच सुमाराला मीटिंगा सुरू झाल्या. शाळेच्या एका वर्गात आपत्ती निवारणाची समिती बसली. शिट्ट्या, दोरखंड, नारिंगी जाकिटं मिळाली, कोण कुणाला उचलून नेणार ते ठरलं. नाथाशेठ समितीचे प्रमुख. दोरखंड त्यांच्या कपाटात. पुढच्याच आठवड्यात त्याच वर्गात दुसरी माणसं आली, दुसरा फलक लावला. ती हवामान बदलाची. पाऊस कसा बदलतोय, घरं, कारखाने त्याप्रमाणे कसे बदलायचे, हे सांगणारी. त्यांनी नाथाशेठच्या जोत्याचे फोटो काढून पडद्यावर दाखवले. आदर्श उदाहरण! नाथाशेठ उठून उभे राहिले, टोपी सारखी केली, "आपला ऋणी आहे," म्हणाले. मग खाली बसून माझ्या कानात पुटपुटले, "मंदा, पानी एकच, मग मीटिंगा दोन कशाला गो? समोसं पन सेमच."

मी हसले. ते सहज बोलून गेले आणि मी सहज हसले. त्या वाक्यात काय होतं ते आम्हा दोघांनाही तेव्हा कळलं नाही. पडद्यावर जोता दाखवणाऱ्या बाईंनी विचारलं नाही की इथलं पाणी मग जाणार कुठे. दोरखंडवाल्यांनी विचारलं नाही की गेल्या वर्षापेक्षा या वर्षी उतारावर जास्त का बुडणार. आणि उघाडीवाल्याच्या पोराने तरी कुठे विचारलं?

खालच्या खोल्यांत इक्बाल राहायचा. नाथाशेठकडेच लूम चालवायचा, दिवसपाळी. बायको सलमा, पोरं, आणि इक्बालची म्हातारी आई, सगळे तिला अम्मा म्हणायचे. कमरेखालून गेलेली, वर्षानुवर्षं खाटेवर. सलमा माझ्याकडे दळायला यायची तेव्हा नाथाशेठना बघून डोक्यावरची ओढणी सारखी करायची. "शेठ हमारे बाप जैसे हैं," म्हणायची. ते तिला पोरी म्हणायचे.

जुलैच्या त्या पुरानंतर दोन वर्षांनी पुन्हा एक जोराचा पाऊस आला. २००५ इतका मोठा मुळीच नव्हता. दुपारी धो धो लागला आणि तासाभरात वरचा रस्ता गल्लीत उतरला. माझ्या ओट्याला पाणी शिवलंही नाही. मी दारात उभी राहून बघत होते आणि मनात म्हणत होते, बरं झालं बाई जोता उचलला. पाणी मधल्या खोलगट भागातून घोड्यासारखं खाली धावत होतं. मग खालून शिट्ट्या ऐकू आल्या.

समितीने त्या दिवशी काम चोख केलं, हे मान्यच करायला हवं. दोरखंड बांधला, साखळी धरली, पोरंबाळं वर आणून कारखान्याच्या जोत्यावर बसवली. अम्मा राहिली होती. खाटेसकट तरंगत होती. नाथाशेठ स्वतः छातीभर पाण्यात शिरले आणि तिला पाठुंगळी घेऊन आले. अम्मा त्यांच्या मानेला मिठी मारून मोठमोठ्याने दुवा देत होती. सोडेचना. बायका रडायला लागल्या. मीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिचडीचं पातेलं घेऊन मी आणि नाथाशेठ खाली गेलो. सलमा दारात गोधडी पिळत होती. आम्हाला बघून ती गोधडी तिने तशीच टाकली, ओल्या हातांनी नाथाशेठचे हात धरले. "अल्लाह आपको सलामत रखे, शेठ. आप ऊँचा नहीं बनाते तो हमारे बच्चे कहाँ बैठते?"

भिंतीवर चिखलाची रेघ उठली होती, नाथाशेठ ती बघत होते. पुढे होऊन त्यांनी रेघेवर बोट टेकवलं. त्यांच्या छातीशी आली. मग त्यांनी मागे वळून गल्ली वरपर्यंत बघितली. दोन्हीकडचे कोरडे ओटे. मधली भरलेली पट्टी, तिच्यावरचे पत्रे.

"मंदा," म्हणाले, "हितं पूर्वी किती यायचं गो?"

"घोट्याएवढं."

त्यांनी खिचडीचं पातेलं खाली ठेवलं आणि निघाले. सलमा मागून हाक मारत होती, चहा घेऊन जा म्हणून. मी त्यांच्या मागून गेले. कारखान्यात ते चार जादा लूम खडखडत चालू होते, आणि नाथाशेठ त्यांच्यासमोर भिंतीकडे तोंड करून उभे. खांदे हलत होते. मला वाटलं, थंडी भरली. जवळ गेले तर म्हणाले, "जा मंदा. मना बघू नको."

पुढे तर जास्तच वाईट झालं. समितीचा सत्कार ठरला. त्याच शाळेत, त्याच वर्गात. नाथाशेठ नको नको म्हणत होते. मुलांनी ओढून नेलं. शाल घातली, नारळ दिला आणि दोन शब्द बोला म्हणाले. मी पुढच्याच बाकावर होते. माझ्या शेजारी सलमा. तिने स्वतः विणलेली लोकरी टोपी आणली होती त्यांना द्यायला.

नाथाशेठ उभे राहिले. त्या दिवशी पुस्तकी मराठी निघालंच नाही.

"एका हातानं बुडवलं," म्हणाले, "आनि दुसऱ्या हातानं दोरी टाकली. त्या दोरीवाल्या हाताला तुमी शाल घालताय. पयला हात कुनी बघतच न्हाय. मी पट्टी भरली. पानी तिथून जायचं. मी माझ्या बापाच्या तोंडाला काळं फासलं. मना माफी पायजे, शाल नको."

मग एक साहेब उठून म्हणाले, "याला म्हणतात मोठेपणा!" आणि टाळ्या. अहो, काय टाळ्या! सलमा सगळ्यात जास्त वाजवत होती. तिला मराठी फारसं कळायचं नाही. मी तिच्याकडे वळून सांगणार होते, पण त्या टाळ्यांत सांगायचं कसं आणि काय? नाथाशेठ शाल पांघरलेले, टाळ्या संपायची वाट बघत उभे होते. त्यांचं तोंड असं झालं होतं की भर बाजारात कुणी त्यांना उघडं केलंय. ती लोकरी टोपी त्यांनी घेतली, डोक्यावर मात्र घातली नाही.

मग त्यांनी एकच ध्यास घेतला, सलमाला हिंदीत नीट सांगायचं. तिला आणि अम्माला. तीनदा खाली गेले. एकदा सलमाने चहा ठेवला आणि गावच्या लग्नाच्या गोष्टी काढल्या. एकदा इक्बालच घरात होता. मालक दारात आला म्हटल्यावर तो खुर्ची शोधायला धावला. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलं, "पोरी, वो पानी मेरे कारन..." तेवढ्यात अम्मा खाटेवरून दुवा द्यायला लागली. परत आले ते माझ्या गिरणीत पोत्यावर बसले. "मंदा, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ह्या लोकांना शिवी पन देता येत न्हाय." पीठ उडत होतं, त्यांच्या मिशांवर बसत होतं, आणि हे रडत होते. मी गिरणी बंद केली आणि पाणी दिलं. दुसरं काय करणार होते?

दिवाळीनंतर इक्बालने हिशेब मागितला. अम्माला पावसाळ्याची धास्ती बसली होती. ढग बघितले की ओरडायची. सगळं बिऱ्हाड गावी गेलं. नाथाशेठ त्या दिवशी एका लग्नाला अंबाडीला गेले होते. संध्याकाळी परत आले तर खोलीला कुलूप. त्यांनी ते कुलूप हातात धरून बघितलं, जणू उघडेलच.

त्या उन्हाळ्यात नाथाशेठनी ते चार लूम भंगारात दिले आणि पट्टी खणायला घेतली. कोबा फोडला, डबर काढलं, पत्रे उतरवले. मुलं दोन्ही भांडली. मोठा म्हणाला, "बाबा, म्हातारचळ लागलाय तुमाला. ज्यांच्यासाठी खनताय ते गेले गावाला." नाथाशेठ म्हणाले, "खोल्या गेल्यात का?" गल्लीतले कारखानदारही आले. उघड्या नाल्याने रोगराई येईल, गिऱ्हाईक येणार नाही, तुम्हीच भरा म्हणालात आणि आता तुम्हीच उकरता, लोक काय म्हणतील. नाथाशेठ म्हणाले, "लोकांनी आता तरी म्हनावं." जुन्या उतारापेक्षा हातभर खोल खणून घेतलं. पाऊस आता दांडगा पडतो, जुनी वाट पुरायची नाही, हे त्यांचं म्हणणं. दोरखंड आणि शिट्ट्याही कपाटातून काढून तळाच्या खोल्यांजवळच्या पानवाल्याकडे ठेवायला दिल्या. वरच्या कपाटात ठेवून काय उपयोग, म्हणाले.

त्या वर्षी जुलैत असाच एक दिवस भरून आला. दुपारी धो धो लागला. मी गिरणीच्या दारात. वरचं पाणी गल्लीत घुसलं, फिरलं आणि नाथाशेठनी खणलेल्या वाटेने गर्जत मागे निघून गेलं. त्यांच्या कारखान्याची एक भिंत ओली झाली, कोपऱ्यातला सुताचा माल भिजला. मुलगा आतून बोंबलत होता. नाथाशेठनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. मिटलेली छत्री हातात घेऊन ते उतार उतरायला लागले. मला राहवलं नाही, मीही डोक्यावर पोतं घेऊन मागे निघाले.

इक्बालच्या खोलीत नवं बिऱ्हाड आलं होतं. दार उघडं. आत एक पोरगेलीशी बाई स्टोव्हपाशी बसून बटाटे चिरत होती, फरशीवर रांगतं मूल. फरशी कोरडी. नाथाशेठ उंबऱ्याबाहेर उभे राहून वाकून वाकून फरशी बघत होते, भिंत बघत होते. ती दचकली.

"क्या देख रहे हो, चाचा?"

"पानी देखता हूँ, बेटी. पानी आया क्या?"

"इधर पानी नहीं भरता. मकानवाला बोला है, इधर कभी भरा ही नहीं."

"भरा था," नाथाशेठ म्हणाले. "छातीतक भरा था. एक बुढ़िया थी इधर, खाट पे. मेरी वजह से भरा था. मेरी गलती थी."

तिने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. एवढा मोठा माणूस, निथळणारा, हातात छत्री असून भिजलेला. मग हसली, वाईट नाही, आपली लहान मुलाला हसतात तसं.

"बारिश क्या आपने गिराई थी, चाचा? जाओ, घर जाओ, बीमार पड़ोगे."

पावसाचे फटकारे आत यायला लागले तशी ती उठली आणि तिने दार लावून घेतलं. मी थोड्या अंतरावर होते. नाथाशेठनी छत्री भिंतीला टेकवली आणि त्या बंद दारासमोर दोन्ही हात जोडले. किती तरी वेळ ते तसेच उभे होते. त्यांना हाक मारायचं माझं धाडस झालं नाही.